विद्यापीठातली मशीनं सावडीने वापरता येतील का?

प्रयोगवही | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकते. मी एका राज्य विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. कुठलं ते विचारू नका, गाव लहान आहे, उद्या दुपारच्या चहापर्यंत सगळ्या कॅम्पसला कळेल. माझी एक पीएचडीची विद्यार्थिनी डॉकिंग करतेय, म्हणजे एका प्रोटीनच्या खाचेत वेगवेगळे रेणू कसे बसतात ते ऑटोडॉक व्हिना नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासायचं. १२,००० रेणू आहेत. आमच्या डेस्कटॉपवर एका कोअरला (प्रोसेसरमधला एकेक गणित करणारा भाग) एका रेणूसाठी साधारण १० मिनिटं लागतात, कोअर चार, म्हणजे हिशोब केला तर २१ दिवस मशीन रात्रंदिवस चालू ठेवायचं. मधे लाइट गेली की झालं. तिने सीपीयूवर कागद चिकटवलाय, "बंद करू नये, पीएचडी चालू आहे".

आता गंमत बघा. आमच्या विभागापासून शंभर पावलांवर कॉम्प्युटर सायन्सची लॅब आहे, ६० मशीनं, संध्याकाळी साडेपाचला कुलूप. फिजिक्सवाल्यांकडे चार नोडचा छोटा क्लस्टर, म्हणजे चार कॉम्प्युटर एकत्र जोडलेले, प्रोजेक्टमधून घेतलेला, प्रोजेक्ट संपला, ज्याला तो चालवता यायचा तो पोरगा पोस्टडॉकला परदेशी गेला, आता त्याच्यावर फडकं घातलंय. संख्याशास्त्रात जीपीयूवालं (जड गणितांची वेगळी चिप असलेलं) मशीन आहे ते म्हणे फक्त सरांच्या लॉगिनवर चालतं. आणि बायोटेकने मागच्या मार्चमध्ये घेतलेल्या वर्कस्टेशनचं खोकंसुद्धा अजून फोडलेलं नाही. मी सगळ्यांना विचारून पाहिलं. नाही असं कोणीच म्हणत नाही, "बघू की मॅडम" म्हणतात.

माझं आजोळ मावळातलं. तिकडे भाताच्या लावणीला सावड करतात, आज सगळे आमच्या खाचरात, उद्या तुमच्या. मशीनांची अशी सावड कुठे खरंच चालते का? चालत असेल तर सॉफ्टवेअर कुठलं, मालकी कोणाची, बिघडलं तर कोण भरून देणार, आणि मुख्य म्हणजे पहिल्यांदा हो कोणाला म्हणायला लावायचं?

---

रिकामा_वेळ | मंगळवार, रात्री ११:५८

आधी ते फडकं उचलून बघा. उंदरांनी केबली खाल्ल्या नसतील तर निम्मं काम झालं. अनुभवाचे बोल.

---

मेंडोटाकाठ | बुधवार, सकाळी ७:१५

प्रयोगवही, तुमचा प्रश्न मी सहा वर्षं काढली त्या विद्यापीठात १९८८ च्या सुमारासच सोडवायला घेतला होता. मॅडिसन, विस्कॉन्सिन. तिथे मिरॉन लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉन्डॉर नावाचं सॉफ्टवेअर केलं. त्या काळी प्राध्यापकांच्या टेबलावर महागडी वर्कस्टेशनं असायची आणि रात्रभर, शनिवार-रविवार नुसती बसून. कॉन्डॉर ती रिकामी मशीनं हुडकायचं आणि ज्याच्याकडे कामाचा ढीग पडलाय त्याचे जॉब तिकडे पाठवायचं. नावाच्या ट्रेडमार्कवरून काहीतरी भानगड झाली म्हणून २०१२ पासून ते एचटीकॉन्डॉर झालं. अजून जोरात चालू आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोजवरही चालतं.

पण खरी खुबी सॉफ्टवेअरपेक्षा त्यातल्या एका नियमात आहे. मशीनच्या मालकाला पाहुणा आल्याचं जाणवलंसुद्धा नाही पाहिजे. डेस्कटॉपसाठी जो नेहमीचा नियम दिलेला असतो त्यात १५ मिनिटं कीबोर्डला कोणी हात लावला नाही आणि मशीनवर लोड नाही, तरच बाहेरचा जॉब आत येतो. मालकाने येऊन नुसता माऊस हलवला की जॉब जागच्या जागी थांबतो, थोडी वाट बघतो, मालक बसूनच राहिला तर गाशा गुंडाळून दुसरीकडे जातो. प्राध्यापक मंडळी तयार झाली ती या एका गोष्टीमुळे. तुमच्याकडे "बघू की" म्हणणाऱ्यांनाही भीती हीच असणार, की एकदा दिलं की गेलं.

जुळणी कशी होते ते तर आपल्याकडच्या माणसाला एका मिनिटात कळतं. प्रत्येक मशीन आपली छोटी जाहिरात देतं, माझ्याकडे इतकी रॅम, इतके कोअर, अमुक वाजल्यापासून मोकळं, अमक्या विभागाचं काम असेल तर आधी पसंती. प्रत्येक जॉबही आपली जाहिरात देतो, मला दोन जीबी रॅम पाहिजे, विंडोज चालेल. मधे एक नेगोशिएटर बसलेला असतो तो दोन्हीकडच्या अटी बघून लग्न लावतो. वधूवर सूचक मंडळच ते. एकतर्फी पसंती चालत नाही.

तुमचं काम तर यासाठी जन्माला आल्यासारखं आहे. १२,००० रेणू, एकाला दुसऱ्याशी घेणंदेणं नाही. १२,००० गुणिले १० मिनिटं म्हणजे २,००० कोअर-तास. त्या लॅबमध्ये ६० मशीनं, चार-चार कोअर धरले तर २४० कोअर. भागाकार करा, साडेआठ तासांच्या आत. २१ दिवसांचं काम एका रात्रीत.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. व्हिना मशीनवरचे सगळे कोअर स्वतःच पकडतो, त्याला सीपीयू १, म्हणजे एकच कोअर घे, असं सांगून ठेवा नाहीतर चार जॉब एकमेकांच्या उरावर बसतील. आणि एकेका रेणूचा वेगळा जॉब करू नका, सहा-सहाची पुडी बांधा, तासाभराचा एक जॉब. फार मोठी पुडी केली तर मशीन मधेच बंद झाल्यावर तेवढं सगळं वाया जाणार, फार लहान केली तर फायली ने-आण करण्यातच वेळ जाणार.

---

प्रयोगवही | बुधवार, सकाळी ८:०२

बापरे, एका रात्रीत?? मी हे चहा पिताना वाचलं आणि चहा गार झाला. मेंडोटाकाठ, खूप धन्यवाद. एक शंका, आमच्याच विभागातले एक सर क्वांटम एस्प्रेसो (पदार्थांच्या क्वांटम गणिताचं सॉफ्टवेअर) चालवतात, त्यांचं एकच गणित आठवडाभर चालतं. त्यांनाही या लॅबचा उपयोग होईल का?

---

मेंडोटाकाठ | बुधवार, सकाळी ८:३०

नाही, त्यांना नाही. तुमचं काम म्हणजे शंभर बायका शंभर ठिकाणी पोळ्या लाटतायत, कोणी मधेच उठून गेली तरी बाकीच्यांचं अडत नाही. त्यांचं काम म्हणजे एकच रथ सगळ्यांनी मिळून ओढायचा. प्रत्येक पावलाला सगळ्या कोअरांना एकमेकांशी बोलावं लागतं, त्याला लॅबमधलं साधं इथरनेट पुरत नाही, इन्फिनिबँडसारखं जलद नेटवर्क लागतं. त्यांच्यासाठी फिजिक्सचा तो फडक्याखालचा क्लस्टर उठवा, त्यावर स्लर्म टाका, म्हणजे कामं रांगेत लावून वाटून देणारं सॉफ्टवेअर.

---

सडेतोड | बुधवार, दुपारी १:१०

एवढा उपद्व्याप कशाला हो? क्लाउड घ्या. २,००० कोअर-तास म्हणजे क्लाउडवर किरकोळ रक्कम आहे. क्रेडिट कार्ड टाका, संध्याकाळी रिझल्ट हातात. साठ जुनाट मशीनं, त्यांचे व्हायरस, कुलूप, किल्ल्या, लॅब असिस्टंटची मनधरणी... मास्तर लोकांना वेळ फुकटचा वाटतो हेच खरं दुखणं आहे.

---

लेखाशीर्ष | बुधवार, दुपारी ३:४५

सडेतोड, क्रेडिट कार्ड कोणाचं टाकायचं ते पण सांगा. मी विद्यापीठांच्या लेखा विभागात २२ वर्षं आहे (दोन वेगवेगळ्या), त्यामुळे जरा आमच्या बाजूने.

प्रोजेक्टचा पैसा हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या ठरवून दिलेल्या खात्यांत येतो. उपकरणं हे एक हेड, त्यात वस्तू घेता येते, डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद होते, नंबर रंगवता येतो. आवर्ती खर्चाचं हेड वेगळं आणि बारकं असतं, त्यात केमिकल, प्रवास, किरकोळ सगळं कोंबलेलं. क्लाउडचं बिल दर महिन्याला, डॉलरमध्ये, कमी-जास्त होणारं. तीन कोटेशन कशी घ्यायची त्याची? ऑडिटर विचारतो वस्तू दाखवा, मॅडम काय दाखवणार, आकाश?

म्हणून बायोटेकचं खोकं फोडलेलं नाही यात मला तरी काही नवल नाही. ३१ मार्चच्या आत पैसा खर्ची पडला नाही तर परत जातो, यूसी (पैसा वापरल्याचा दाखला) द्यायचं असतं, म्हणून फेब्रुवारीत जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर ऑर्डर, मार्चमध्ये माल. ते चालवायला माणूस लागतो, एसी लागतो, यूपीएस लागतो, पण त्यांचं हेडच नसतं. प्रत्येक विभागात असं एकेक मशीन आहे याचं कारण मास्तर आप्पलपोटे आहेत असं नव्हे. पैसा येतानाच विभागून येतो.

प्रयोगवही, तुमच्या प्रश्नाचं कामाचं उत्तर. मशीन ज्या विभागाच्या डेड स्टॉकला आहे तिथून हलवू नका. हलवलं की ट्रान्सफर नोट, दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या, कुलसचिवांची मान्यता, आणि पुढचं वर्ष त्यात. मशीन जागेवरच राहू द्या आणि नुसता वापर वाटा, वापर वाटायला रजिस्टर लागत नाही. एक साधं पत्र करा की अमुक लॅबमधील संगणक कार्यालयीन वेळेनंतर संशोधनासाठी वापरले जातील, देखभालीची जबाबदारी पूर्ववत. "पूर्ववत" हा शब्द विसरू नका, त्या एका शब्दावर सह्या होतात.

---

रिकामा_वेळ | बुधवार, दुपारी ३:५२

लेखाशीर्ष यांचा प्रतिसाद फ्रेम करून प्रत्येक विभागात लावावा. +१

---

सडेतोड | बुधवार, दुपारी ४:२०

ठीक आहे, हेडचं मला माहीत नव्हतं, तेवढे शब्द मागे. पण अमेरिकेत चालतं म्हणजे इथे चालेल हे मला अजून पटलेलं नाही. तिकडे माणसाला बॅकपॅकमधून स्क्रू ड्रायव्हर काढायला लाज वाटत नाही.

---

वाबाशकाठचा | गुरुवार, सकाळी ६:०५

सडेतोड, स्क्रू ड्रायव्हरवरून आठवलं. मी इंडियानात पर्ड्यूला आहे. इथे २००८ च्या मे महिन्यात स्टील नावाचा क्लस्टर उभा केला, तो कसा माहितीये का, विद्यापीठभरातून स्वयंसेवक बोलावले, आयटीचे, शिकवणारे, विद्यार्थी, सकाळी खोकी फोडायला सुरुवात केली आणि अर्ध्या दिवसात शेकडो नोड रॅकमध्ये. इकडे त्याला गावाने मिळून एकाचं धान्याचं कोठार उभं करण्याची उपमा दिली होती. मी तेव्हा इथे नव्हतो पण जुने लोक अजून रंगवून सांगतात. प्रयोगवही म्हणतात ती सावडच की.

पण मला सांगायचंय ते पुढचं. इथे प्राध्यापकांनी आपापली मशीनं घेणं जवळपास थांबवलंय. ग्रँट मिळाली की त्यातून विद्यापीठाच्या क्लस्टरमध्ये आपल्या वाट्याचे नोड विकत घ्यायचे. वीज, एसी, जागा, सिस्टिम अ‍ॅडमिन सगळं विद्यापीठाचं. घेतले तेवढ्या कोअरवर तुमचा पहिला हक्क, तुमची वेगळी क्यू, म्हणजे कामांची रांग. आणि शेजारच्याचे कोअर रिकामे असतील तर स्टँडबाय क्यूमधून तेही वापरा, पण जॉब चार तासांच्या आतला पाहिजे. चार तास का, तर मालक आला तर त्याला जास्तीत जास्त तेवढंच थांबायला लागावं.

त्यामुळे दहा नोड घेणारा माणूस एखाद्या आठवड्यात शंभर नोडचं काम काढून जातो, आणि तो सुट्टीवर असतो तेव्हा त्याचे दहा दुसरं कोणीतरी वापरतं. दिलदारी वगैरे काही नाही, सगळ्यांचा सरळ फायदा आहे. आपल्याकडे ग्रँटमधून "वाटा" विकत घ्यायला लेखाशीर्ष परवानगी देतील का हा प्रश्न मात्र आहे :)

---

लेखाशीर्ष | गुरुवार, सकाळी १०:४०

नोडवर विभागाचा डेड स्टॉक नंबर रंगवू देत असतील तर देतो. सेंट्रल सर्व्हर रूममध्ये ठेवा, पण नंबर दिसला पाहिजे.

---

मध्यमान | गुरुवार, रात्री ९:३०

सगळे फायदेच सांगतायत म्हणून मी जरा कडू बोलते. आमच्या संस्थेत (नाव नको) हे करून झालंय आणि मोडूनही झालंय.

आम्ही संख्याशास्त्रवाल्यांनी दोन नोड सामायिक क्लस्टरला जोडले, मोठ्या मनाने. पहिले दोन महिने झकास. मग एका शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्या विभागातल्या एका पोस्टडॉकने चार हजार जॉब क्यूमध्ये टाकले आणि लग्नाला गावी गेला. स्लर्म नुसतं बसवलेलं, सेटिंग काही नाही, पहिला आला त्याला पहिलं. सोमवारी माझ्या विद्यार्थ्याला एक वीस मिनिटांचं सिम्युलेशन चालवायचं होतं, थीसिस जमा करायला नऊ दिवस उरलेले, त्याचा नंबर कधी लागणार तर पुढच्या गुरुवारी. आमच्याच नोडवर! फोन लावला तर साहेब मांडवात, मागे सनई वाजतेय, म्हणे मॅडम इथे रेंज नाही.

मंगळवारी आमच्या विभागप्रमुखांनी स्वतः जाऊन नेटवर्क केबल उपटली. आमच्याबरोबर आणखी तिघांनी आपापले नोड काढून घेतले. संपलं.

प्रयोगवही, तुम्ही सुरुवात कराल तर वाटणीचे नियम आधी लिहा, मशीनं नंतर जोडा. आम्ही उलटं केलं.

---

रूट_मीच | गुरुवार, रात्री १०:१५

मध्यमान ताई, वाचून वाईट वाटलं पण दोष स्लर्मचा नव्हे हो, बसवणाऱ्याचा. त्यात फेअरशेअर म्हणून प्रकार आहे. ज्याने अलीकडे जास्त वापरलं त्याचा नंबर आपोआप मागे ढकलला जातो, आणि जुना वापर हळूहळू विसरला जातो, न बदललं तर सात दिवसांत निम्मा. एचटीकॉन्डॉरमध्ये तेच, तिथे एका दिवसात निम्मा. हे चालू असतं तर लग्नाळू पोस्टडॉकचे चार हजार जॉब पडून राहिले असते आणि तुमच्या पोराचं वीस मिनिटांचं काम पहिला कोअर मोकळा झाला की आत गेलं असतं. वर एका माणसाला एका वेळी किती जॉब, एक जॉब जास्तीत जास्त किती तास, ही दोन कुंपणं घालायची की झालं.

मी हीच हमाली करतो त्यामुळे आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो, पटो न पटो.

एक, लॉगिन वाटू नका. गाइडचं एकच अकाउंट आणि अख्खी लॅब त्यावर, हे आपल्याकडे सर्रास चालतं, पासवर्ड फळ्यावर लिहिलेला मी स्वतः पाहिलाय. २०२० च्या मे महिन्यात युरोपातले बरेच सुपरकॉम्प्युटर काही दिवस बंद ठेवायला लागले, एडिंबराचा आर्चर त्यातलाच. चोरीला गेलेल्या लॉगिनवरून घुसले होते लोक, आणि काही ठिकाणी चक्क क्रिप्टो मायनिंग चालू होतं. आपल्या वाटपाच्या क्लस्टरचं तसं झालं तर पहिली केबल कोण उपटेल ते मध्यमान ताईंनी सांगितलंच आहे.

दोन, सामायिक डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये सुपरकॉम्प्युटरच्या बॅकअपच्याच स्क्रिप्टमध्ये गडबड झाली आणि ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला, १४ संशोधन गटांचा. बॅकअपची स्क्रिप्ट! तेव्हा रिझल्ट आला की आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचा, "सर्व्हरवर आहे" ही सबब ऐकून घेतली जाणार नाही अशी पाटीच लावा.

---

पांझराकाठ | शुक्रवार, दुपारी १२:२०

मला कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नाही, मुलीने धागा दाखवला म्हणून वाचला. पण मध्यमान ताईंचं वाचून आमची फड पद्धत आठवली.

आमच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर, आणि नाशकात मोसम, आरम या नद्यांवर, तीनशे-चारशे वर्षांपासून बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, खालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. त्यात शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचं नाही! पाणी पाटकरी देतो. एकामागून एक शेत भिजवत जातो, हे पाटलाचं का गरिबाचं ते बघत नाही. जागल्या पिकाची राखण करतो, वरती हवालदार. त्यांचा मोबदला सगळे मिळून देतात म्हणून ते कोणा एकाचे नोकर नसतात.

आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कुठला फड कोरडा ठेवायचा ते हंगामाच्या आधी बसून ठरतं. पीक उभं राहिल्यावर भांडायचं नाही. तुमचा तो स्लर्म का काय तो पाटकरीच दिसतोय मला. पण आमच्या पाटकऱ्याला गावाने नेमलेलं असतं, तुमचा कोण नेमतो?

---

रूट_मीच | शुक्रवार, दुपारी १:००

पांझराकाठ काका, दंडवत. १५ वर्षं लोकांना शेड्युलर समजावतोय, आता सरळ पाटकरी म्हणतो.

---

मध्यमान | शुक्रवार, दुपारी १:३५

काका, आमचा पाटकरी एकाच विभागाने नेमला होता आणि पगारही तोच विभाग देत होता. आत्ता उजेड पडला.

---

पाषाणकर | शनिवार, सकाळी ११:००

उशिरा आलो. सावड जरूर करा पण त्याआधी आपल्या दाराशी जे सामायिक आहे ते तरी घ्या की, लोक अर्जच करत नाहीत.

पुण्यातलं खगोलशास्त्राचं केंद्र आयुका हे त्याचं जुनं उदाहरण. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांनी उभं केलं ते मुळात विद्यापीठांसाठी सामायिक म्हणूनच, नावातच आंतरविद्यापीठ आहे. विद्यापीठातला शिक्षक असोसिएट झाला की तिथली लायब्ररी, तिथलं कॉम्प्युटिंग वापरू शकतो. अर्थात विषय खगोल-भौतिकीचा पाहिजे, प्रयोगवहींचे रेणू तिथे चालायचे नाहीत.

नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ मध्ये आलं, ४,५०० कोटींचं. त्यातून आयसर पुण्यात परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे, २०२४ च्या सप्टेंबरात परम रुद्रचे तीन संच सुरू झाले त्यातला एक पुण्यात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी. क्वांटम एस्प्रेसोवाल्या सरांनी या मिशनच्या मशीनवर वेळ मागावा, त्यांच्या कामाचं मशीन ते आहे. आणि त्याच्याही आधी सीडॅक या सरकारी संगणन संस्थेने गरुड नावाचा ग्रिड केला होता, १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडून, कल्पना तीच, मोकळं कुठे आहे तिथे काम पाठवा. आता गरुडचं नाव पोरांना माहीत नसतं.

माझं मत विचाराल तर, मोठ्या मशीनवर अर्ज करायलाही हात बसलेला लागतो. जॉब स्क्रिप्ट कशी लिहायची, किती कोअर मागायचे, रॅम किती, हे ज्याने कधी केलेलं नाही तो पहिल्याच दिवशी लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्याच मशीनवर, प्रोग्रॅम चालवतो आणि शिव्या खातो. तो हात तुमच्या त्या साठ मशीनांवर बसेल.

---

रिकामा_वेळ | शनिवार, सकाळी ११:२०

लॉगिन नोडवर मॅटलॅब चालवणारा तो मीच. २०१६. अजून ती ईमेल जपून ठेवली आहे.

---

प्रयोगवही | पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:०५

मंडळी, धागा वर काढते. झालं! म्हणजे झालं, पण कसं झालं ते ऐका.

लेखाशीर्ष, तुमचं पत्र जसंच्या तसं टाइप केलं, "पूर्ववत"सकट. कॉम्प्युटर सायन्सच्या मॅडमनी दोनदा वाचलं आणि सही केली, एवढंच विचारलं की सकाळी माझ्या प्रॅक्टिकलला मशीन स्लो मिळालं तर? मी म्हटलं सकाळी आठला सगळे पाहुणे बाहेर, तसं सेटिंगच केलंय. त्यांच्याच एमएस्सीच्या दोन मुलांनी प्रोजेक्ट म्हणून एचटीकॉन्डॉर बसवलं. ६० पैकी ५२ मशीनं चालू निघाली, उरलेल्या आठांची रॅम काढून कोणीतरी दुसरीकडे लावलेली.

पहिली रात्र. सात वाजता जॉब सोडले. मी घरून बघतेय, २०८ कोअर हिरवेगार, विद्यार्थिनी मला स्क्रीनशॉट पाठवतेय, अगदी दिवाळी. नऊ वाजून दहा मिनिटांनी एकदम शून्य. ५२ च्या ५२ मशीनं गायब. मला वाटलं सॉफ्टवेअर कोसळलं, मुलांना फोन, मुलं हॉस्टेलवरून पळत गेली, तर लॅब काळोखात. वॉचमन काका नवाच्या फेरीला येतात आणि रोज मेन स्विच खाली ओढतात, अकरा वर्षांपासून. शॉर्टसर्किटच्या भीतीने. हे मॅडमनाही माहीत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी काकांना भेटले, चहा घेतला. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, एका बोर्डाची वायर खरंच काळी पडलेली होती. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती बदलली, मगच रात्रीची परवानगी. मेन स्विचवर आता कागद आहे, "रात्री चालू ठेवणे. संशोधन सुरू. अडचण आल्यास फोन करणे", खाली माझा नंबर.

दुसरी रात्र, संध्याकाळी बघतो तर एकाही मशीनवर एचटीकॉन्डॉरच नाही. लॅबमध्ये डीप फ्रीझ आहे, मशीन रीस्टार्ट झालं की आदल्या दिवशीचं सगळं पुसून मूळ पदावर. आदल्या रात्री लाइट गेली तेव्हाच ते धुऊन निघालेलं. मुलांनी मग फ्रीझ उघडून ५२ मशीनांवर परत बसवलं, रविवार गेला त्यांचा.

तिसरी रात्र सुरळीत. सहाच्या पुड्या केल्या होत्या, २,००० जॉब, सकाळी सव्वापाचपर्यंत १,९६२ झाले, उरलेले पुढच्या रात्री. विद्यार्थिनीने सीपीयूवरचा कागद काढलाय.

विजेचं कोणी विचारायच्या आत मीच मोजलं. एका मशीनला वॉटमीटर लावला, नुसतं चालू असताना ३५ वॉट, जोरात चालताना ८५. म्हणजे जास्तीचे ५०, गुणिले ५२, गुणिले दहा तास, २६ युनिट. पण खरं सांगायचं तर ही मशीनं पूर्वी रात्री बंदच असायची, त्यामुळे पूर्ण ८५ धरायला पाहिजेत, म्हणजे ४४ युनिट एका रात्रीचे. हा आकडा पत्रासोबत जोडलाय, लपवला असता तर कोणीतरी नंतर उकरून काढला असता.

मध्यमान, नियम आधी लिहिले. एका माणसाला एका वेळी १०० च्या वर कोअर नाहीत, दुसरं कोणी रांगेत नसेल तरच जास्त. आणि पाटकरी नेमायला पाच विभागांचा एकेक जण बसतो, महिन्यातून एकदा, शुक्रवारी. संख्याशास्त्राचे सर पहिल्या बैठकीला आले होते, जीपीयूबद्दल काही बोलले नाहीत, पण आले होते.

---

मध्यमान | रविवार, रात्री १०:३०

बैठकीला आले म्हणजे अर्धं दिलं. आमचे कधी आलेच नव्हते. तुमचे नियम इथे टाकाल का? मला परत एकदा बोलून बघायचंय आमच्याकडे.

---

लेखाशीर्ष | सोमवार, सकाळी १०:५०

मॅडम, त्या आठ मशीनांच्या रॅमचं काय केलंत? डेड स्टॉक पडताळणी पुढच्या महिन्यात असते.

---

प्रयोगवही | सोमवार, सकाळी ११:१५

फिजिक्सचं फडकं उचललं तेव्हा सापडली :) उंदीर नव्हते.